ज्येष्ठांचे घर आणि यतनाधर्म

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात ज्या ज्येष्ठांचा शाल व श्रीफळ देऊन सन्मान होत आहे, ते पन्नास वर्षांपूर्वी तिशी-पस्तिशीत होते. या वास्तूसाठी वर्गणी मागत ते दारोदार फिरले, विटा-वाळूचा हिशोब त्यांनी ठेवला, पाया खणला गेला त्या दिवशी भर उन्हात उभे राहिले. आज त्यांतील बहुतेकजण ऐंशीच्या घरात आहेत. सन्मान स्वीकारण्यासाठी व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना त्यांचे दोन्ही दंड कार्यकर्त्यांना धरावे लागतात, कारण त्या पायऱ्यांना कठडा नाही. ज्या हातांनी हे भवन उभारले, त्या हातांना धरण्यासाठी भवनात एक नळीसुद्धा बसविलेली नसावी, ही गोष्ट उत्सवाच्या आनंदातही नजरेआड करता येत नाही. जी अवस्था भवनाची, तीच घराघराची. म्हणून या मंगल प्रसंगी निवडलेला विषय थोडा रूक्ष वाटला तरी प्रसंगाला सोडून नाही. ज्या घरात वृद्ध माता-पिता राहतात ते घर त्यांच्यासाठी निर्धोक कसे करावे, हा तो विषय.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात हे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे दहा टक्के होते. त्यानंतर ते वाढतच गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचा भरणा सर्वांत मोठा आहे. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. रस्त्यावरच्या अपघाताची बातमी होते. मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या आजीची बातमी होत नाही. तिच्याबद्दल "वय झाले होते" एवढेच बोलले जाते.

वस्तुतः वयाचा दोष अर्धाच असतो. उरलेला अर्धा फरशीचा, जिन्याचा आणि अंधाराचा असतो. घरातील धोक्याच्या जागा दुरुस्त केल्याने वृद्धांच्या पडण्यावर काय परिणाम होतो, याबद्दल जगभर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा दुरुस्तीने पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटते आणि ज्यांना पडण्याचा धोका मुळातच अधिक आहे त्यांच्या बाबतीत ही घट ३८ टक्क्यांपर्यंत जाते, असा त्याचा निष्कर्ष आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर एवढी खात्रीची बचत देणारी दुसरी गुंतवणूक आज बाजारात नाही.

जैन श्रावकाला हा विषय परका नाही. साधू-साध्वी ईर्यासमितीचे पालन करतात, म्हणजे पुढची जमीन पाहून, जीवजंतू पायाखाली येणार नाही अशा बेताने पाऊल टाकतात. रात्री पौषधात श्रावकही दंडासनाने वाट पुंजत चालतो. 'यतना' हा शब्द आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतो. परंतु पाऊल जपून टाकायचे तर आधी जमीन दिसली पाहिजे आणि टाकलेले पाऊल स्थिर राहिले पाहिजे. चकचकीत फरशीवर साचलेल्या पाण्यात पाय घसरतो तेव्हा त्या पाण्यातील सूक्ष्म जीवांचीही विराधना होते आणि पडणाऱ्या जीवालाही पीडा होते. पाणी साचू न देणे हा आपल्या आचाराचा भाग आहेच. तो घराच्या बांधणीत उतरवायचा, एवढेच करावयाचे आहे. वैयावृत्त्याची गणना सहा अभ्यंतर तपांमध्ये होते. वृद्धाची सेवा म्हणजे आजारी पडल्यावर पाय दाबणे, अशी समजूत रूढ झाली आहे. तो आजारी पडूच नये अशी तजवीज करणे हीसुद्धा सेवाच होय.

आता प्रत्यक्ष घराकडे वळू. समाजातील पुष्कळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या बाजारपेठेत राहात आली. खाली दुकान, मागे गोदाम, वर राहते घर आणि त्याहून वर गच्ची, अशी ही रचना. जागा सगळी धंद्याने घेतली आणि जिन्याच्या वाट्याला उरलासुरला कोपरा आला. जुन्या घरांत नऊ-साडेनऊ इंच उंचीच्या आणि जेमतेम सात-आठ इंच रुंदीच्या पायऱ्या सर्रास आढळतात. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाच्या २०२१ च्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार पायरीची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नसावी आणि पाय ठेवण्याची रुंदी ३०० मिलिमीटर, म्हणजे बारा इंच असावी. या मापाशी आपला जिना ताडून पाहिला तर तो जिना नसून शिडी आहे हे ध्यानात येईल. पूर्वजांना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी जिन्याच्या तोंडाशी छतातून जाडजूड दोर सोडलेला असे. पुढच्या पिढीने भिंतींना रंग देताना शोभत नाही म्हणून दोर काढला आणि त्याच्या जागी काहीच लावले नाही.

जिना पाडून नवा बांधणे प्रत्येकाला शक्य नाही, पण कठडा बसविणे प्रत्येकाला शक्य आहे. तो दोन्ही बाजूंना असावा, कारण चढताना जो हात भिंतीकडे असतो तो उतरताना मोकळ्या बाजूला येतो आणि अर्धांगवायूच्या रुग्णाला एकच हात वापरता येतो. उंची सुमारे ३२ ते ३६ इंच, जाडी मुठीत सहज मावेल अशी दीड इंच, आणि भिंतीपासून अंतर बोटे न अडकता हात सरकेल इतके. शेवटच्या पायरीपुढे तो फूटभर आणखी न्यावा. पुष्कळदा पडझड शेवटच्या पायरीवर होते. पायऱ्या संपल्या असे वाटून पाय पुढे पडतो आणि तेथे एक पायरी शिल्लक असते. प्रत्येक पायरीच्या काठावर दोन इंच रुंदीचा पांढरा किंवा पिवळा पट्टा मारावा. मोतीबिंदूच्या डोळ्याला करड्या शहाबादीवर करडी पायरी दिसत नाही. दिव्याचे बटण जिन्याच्या खाली आणि वर दोन्हीकडे असावे. या सर्व कामाला एक सुतार किंवा लोहार, एक वायरमन आणि रंगाचा एक डबा पुरतो.

एवढे करूनही काही जिने वृद्धांच्या उपयोगाचे राहात नाहीत. तेथे माणसालाच खाली आणावे लागते आणि खरी कसोटी येथे लागते. बाजारपेठेतील एका कापड व्यापारी कुटुंबाची हकीगत या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. घरातील आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. त्या दुसऱ्या मजल्यावर राहात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर अठरा-अठरा पायऱ्यांचे दोन जिने त्यांना उतरता येईनात. मंदिर घरापासून दोनशे पावलांवर. पण तीन महिने त्यांना दर्शन घडले नाही. साठ वर्षांत एकही दिवस न चुकलेला नेम मोडला होता. त्या तक्रार करीत नव्हत्या, मात्र जेवण कमी होत गेले. मुलांनी लिफ्टची चौकशी केली. त्यासाठी जागा नव्हती, घराच्या जुन्या लाकडी तुळयांना तो भार पेलणारा नव्हता, शिवाय महाराष्ट्रात लिफ्टसाठी शासनाचा परवाना लागतो तो निराळाच. उरले होते ते दुकानामागचे दहा बाय बाराचे गोदाम. थोरल्याचे म्हणणे, गोदाम रिकामे करून आईला खाली आणावे. धाकट्याचे म्हणणे, जूनमध्ये शाळेच्या गणवेशाचा माल कोठे ठेवायचा? दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. कापडाच्या धंद्यात गोदाम म्हणजे दुकानाचे पोट.

तोडगा काढला तो घरातील सुनेने. गोदामातील मालाची मोजदाद करावी असे तिने सुचविले. मोजदाद झाली तेव्हा जवळजवळ तिसरा हिस्सा दोन-दोन, तीन-तीन वर्षे न हललेला निघाला. घडीवर पिवळे पडलेले पॉपलिन, चलनातून गेलेल्या चौकड्यांचे शर्टिंग, कोणी न उचललेले पडद्याचे तागे. ताळेबंदात त्याची किंमत दिसत होती, प्रत्यक्षात तो नुसती जागा अडवून बसला होता. तो मिळेल त्या भावात काढून टाकला, उरलेला माल दुकानाच्या माळ्यावर बसला आणि गोदामाला खिडकी पाडून, लागून छोटे न्हाणीघर बांधून आजींची खोली तयार झाली. आता त्या सकाळी काठी टेकत मंदिरात जातात आणि परत येताना दुकानाच्या गादीवर घटकाभर बसतात. गिऱ्हाइकांशी त्यांच्या इतक्या गप्पा होतात की, नातवाला अधूनमधून "आजी, आता पुरे" म्हणावे लागते.

ज्या घरांत वाटणी झालेली नाही, किंवा झाली पण कागदावर आली नाही, तेथे असा निर्णय अडून राहतो. सामाईक जिन्याला कठडा कोणी लावायचा, या प्रश्नावर दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षे गप्प बसतात आणि मधल्या काळात त्या जिन्यावरून आई ये-जा करीत असते. लग्नाच्या मांडवाला खर्च करताना हा हिशोब आडवा येत नाही, हे नमूद करणे भाग आहे.

घरातील सर्वांत धोक्याची जागा न्हाणीघर. दिवाणखान्यात कोणत्या संगमरवराच्या लाद्या घालाव्यात यासाठी कुटुंब तीन-तीन गावे पालथी घालते आणि न्हाणीघरात गवंडी जी शिल्लक लादी देईल ती बसते. तीही गुळगुळीत, चकाकणारी. न्हाणीची फरशी खरबरीत असावी, तिला निचऱ्याकडे पुरेसा उतार असावा आणि अंघोळीची ओली जागा शौचाच्या कोरड्या जागेपासून पडद्याने का होईना, वेगळी करावी. फरशी बदलणे जमत नसेल तर खाली रबरी पकड असलेली जाळीची चटई घालावी आणि ती रोज उचलून वाळवावी, म्हणजे तिच्याखाली बुरशी व जीव होणार नाहीत. साबणाचे पाणी ज्या फरशीवर रोज वाळते ती फरशी दिसायला स्वच्छ असली तरी तिच्यावर बुळबुळीत थर बसतो. तो आठवड्यातून एकदा ब्रशने घासून काढावा.

न्हाणीत आधाराच्या दांड्या बसविणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आणि त्यातच सर्वाधिक चुका होतात. टॉवेल टांगण्याची नळी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. टॉवेलाची नळी दोन बारीक स्क्रूंवर उभी असते. घसरणाऱ्या माणसाच्या वजनाने ती भिंतीतून उखडून त्याच्याबरोबर खाली येते. आधाराची दांडी विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर बोल्टने पक्की करावी लागते. जुन्या घरांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. तेथे भिंतीच्या पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी देऊन बोल्ट आरपार घ्यावा, किंवा जमिनीपासून छतापर्यंत उभा खांब बसवावा. काम झाल्यावर घरातील सर्वांत वजनदार माणसाने दांडीला लोंबकळून पाहावे. हे ऐकून हसू येईल, पण याहून चांगली परीक्षा नाही.

शौचालयाची गोष्ट नाजूक आहे. उकिडवे बसण्याची सवय असलेल्या वृद्धांना खुर्चीसारखे भांडे रुचत नाही आणि शुद्धीच्या कल्पनेनेही ते अवघडतात. त्यांच्यावर सक्ती करू नये. परंतु गुडघे वाकत नसताना भिंतीला धरून, नळाला लटकून उठणे हा रोजचा जुगार आहे. दोन शौचालये असतील तर एक जुनेच ठेवावे आणि दुसऱ्यात १८-१९ इंच उंचीचे भांडे बसवून शेजारी दांडी लावावी. एकच असेल तर जुन्या भांड्यावर ठेवता येणारी चौपाई खुर्ची मिळते. तिच्या पायांना रबरी टोपणे असल्याची खात्री करावी. दार बाहेर उघडणारे असावे, किंवा कडी बाहेरूनही काढता येईल अशी असावी. आत पडलेला माणूस दारालाच टेकून पडलेला असतो आणि आत उघडणारे दार त्या वेळी ढकलता येत नाही. वृद्धांनी आतून कडी न लावता दाराबाहेर पाटी उलटी करण्याची पद्धत काही घरांत आहे, ती उत्तम.

पूजेसाठी स्नान करून लगेच सोवळे नेसणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. ओल्या पायांनी, एका पायावर उभे राहून धोतर नेसणे सत्तरीनंतर योग्य नाही. न्हाणीच्या बाहेर कोरड्या जागी भिंतीलगत एक पक्के बाक ठेवावे, पाय पुसावेत, बसून कासोटा घालावा. धोतराच्या निऱ्या आणि नऊवारीचा घोळ घोट्याच्या दोन बोटे वर राहील इतका आवरावा. कापडाचा येथे पुष्कळ संबंध येतो. नायलॉनचा मोजा घालून चकचकीत फरशीवर चालणे म्हणजे बर्फावर चालणे. घरात मोजा हवाच असेल तर तळव्याला रबरी ठिपके असलेला सुती मोजा घ्यावा. चामडे वर्ज्य असणाऱ्यांसाठी रबरी तळाची, टाचेमागे पट्टा असलेली कापडी पादत्राणे मिळतात. टाच मोकळी सोडणारी सपाता वृद्धांना देऊ नये. दारात घातलेली जुन्या चादरीची घडी हे पायपुसणे नसून सापळा आहे. सतरंजीचे कोपरे दुमडतात, गालिच्याच्या झालरीत अंगठा अडकतो. ज्या वाटेवरून वृद्ध चालतात त्या वाटेवर काहीही अंथरू नये आणि अंथरायचेच तर चारही कडा चिकटवून टाकाव्यात.

उंबरठ्याबद्दल घरोघरी वाद होतात. उंबरठा म्हणजे घराची मर्यादा, लक्ष्मीचे स्थान. तो काढावा असे कोणास सुचवणे धाडसाचे आहे. उपाय असा की, बाहेरचा मुख्य उंबरठा ठेवून त्याला दोन्हीकडून उतार द्यावा. हा उतार एकास बारा असावा लागतो, म्हणजे दोन इंच उंच उंबरठ्याला दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन फूट लांबीचा. आतल्या खोल्यांचे, विशेषतः न्हाणीचे उंबरठे मात्र काढूनच टाकावेत आणि पाणी अडविण्यासाठी फरशीत जाळी बसवून सांडपाण्याची चर घ्यावी. काही घरांनी जुन्या उंबरठ्याच्या जागी फरशीच्याच पातळीत लाल दगडाची पट्टी बसवली आहे. तिच्यावर रांगोळी उमटते, हळदकुंकू वाहिले जाते आणि ठेच मात्र लागत नाही.

रात्रीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. चौविहार करणारे वृद्ध सूर्यास्तापूर्वी पाणी पुरेसे पिऊन घेतात आणि रात्री दोन-तीनदा उठतात. पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट हीच घरातील सर्वांत महत्त्वाची वाट समजावी. ती सरळ असावी, तिच्यात तिपाई, सायकल, गव्हाचे पोते असे काही नसावे, एका बाजूला सलग धरता येईल अशी पट्टी असावी. पलंगाची उंची बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी, म्हणजे साधारण १८ ते २० इंच. हालचाल होताच आपोआप लागणारे छोटे दिवे आता सहज मिळतात. ते पायाच्या पातळीवर बसवावेत म्हणजे डोळ्यांवर झोत येत नाही. काही श्रावक-श्राविका प्रतिक्रमणाच्या वेळी अग्निकायाच्या विराधनेच्या विचाराने दिवा लावीत नाहीत. त्यांच्या भावनेचा मान राखूनही बरेच करता येते. आसनाची जागा कायमची ठरवावी, ती भिंतीजवळ असावी, भिंतीत उठण्यासाठी एक दांडी असावी आणि तेथून बाहेर पडण्याच्या वाटेवर दिवसा उजेडी सर्व अडथळे काढलेले असावेत. अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर बसून एकदम उभे राहिल्यास वृद्धांचा रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी पाय मोकळे करावेत, मग गुडघ्यावर यावे, दांडी धरून उभे राहावे आणि दहा श्वास तेथेच थांबावे. जमिनीवर बसणे अशक्य झालेल्यांनी खुर्चीवर सामायिक करण्यात संकोच मानू नये.

उपवास, एकासणे, आयंबिल चालू असताना हाच धोका वाढतो. मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांशी बोलून गोळ्यांचे प्रमाण व वेळ ठरवून घ्यावी आणि पारण्याच्या सकाळी एकट्याने अंघोळीला जाऊ नये. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. शाकाहारी आहारात ब-१२ जीवनसत्त्व मुख्यत्वे दुधातून मिळते. दूध कमी झालेल्या वृद्धांत त्याची उणीव वारंवार आढळते. या उणिवेमुळे पायाला मुंग्या येतात, तळव्याला जमीन नीट जाणवत नाही आणि तोल जातो. साध्या रक्त-तपासणीने ती कळते आणि उपचारही साधा आहे. घराची दुरुस्ती केली आणि पाय बधिरच राहिले तर उपयोग अर्धाच.

स्वयंपाकघरात थोडे बदल पुरतात. रोजचे डबे कंबर व खांदा यांच्या मध्ये येतील अशा फळीवर आणावेत, म्हणजे स्टुलावर चढावे लागणार नाही. उकळलेल्या पाण्याची परात निवण्यासाठी जमिनीवर ठेवण्याची सवय मोडावी. ती ओट्यावरच निवू द्यावी. भरलेले तपेले वृद्धांनी उचलू नये, ओगराळ्याने पाणी काढावे. विजेच्या जोडणीत माणसाला धक्का बसताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसवावे. न्हाणीत गिझर असेल तर ते अत्यावश्यकच.

या सर्वांत सर्वांत अवघड काम गवंड्याचे नाही, वृद्धांची संमती मिळविण्याचे आहे. "आता आमचे किती दिवस राहिले, कशाला तोडफोड?" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. त्यामागे काटकसर असते, तशीच आपण परावलंबी झालो हे मान्य करण्याची अनिच्छाही असते. न्हाणीतील दांड्या पाहून घर इस्पितळासारखे दिसते असे त्यांना वाटते. म्हणून त्यांना न विचारता, ते तीर्थयात्रेला गेले असताना गुपचूप काम उरकणे चूक आहे. परत आल्यावर त्यांना आपलेच घर अनोळखी वाटते आणि अनोळखी जागेतच माणूस अधिक पडतो. दांडी कोठे हवी हे त्यांच्याच हाताला विचारावे. उठताना हात आपोआप जेथे जातो, भिंतीवर जेथे बोटांचे डाग पडलेले असतात, तेथेच दांडीची जागा असते. शिंपी कापड कापण्यापूर्वी अंगाचे माप घेतो. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा कितीही भारी असला तरी बसत नाही. पाच फुटांच्या आजीसाठी आणि पावणेसहा फुटांच्या आजोबांसाठी एकच माप चालणार नाही.

खर्चाचा प्रश्न येतो तेव्हा जमाखर्चाची साधी दृष्टी ठेवावी. पट्टे मारणे, दिवे बदलणे, सतरंज्या उचलणे हा किरकोळ खर्च. तो याच आठवड्यात करावा. दांड्या, कठडा, न्हाणीची फरशी हा भांडवली खर्च. तो वर्षानुवर्षे उपयोगी पडतो आणि पुढे तो करणाऱ्यांनाच उपयोगी पडणार आहे. खुब्याच्या एका शस्त्रक्रियेला आणि त्यानंतरच्या महिन्यांच्या शुश्रूषेला लागणारा पैसा त्याच्याशेजारी मांडून पाहिला, तर निर्णयास वेळ लागू नये.

ट्रस्टनेही या वर्षी काही पावले उचलावीत, अशी विनंती आहे. प्रथम स्वतःच्या वास्तूपासून प्रारंभ व्हावा. व्यासपीठाच्या व प्रवेशद्वाराच्या पायऱ्यांना कठडे, पाय धुण्याच्या जागी खरबरीत फरशी, भोजनशाळेत काही टेबल-खुर्च्या, धर्मशाळेच्या तळमजल्यावर दांड्या बसविलेल्या दोन खोल्या. देणगीदारांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या भिंतीवर पुष्कळ लागल्या. एखाद्या कठड्यालाही दात्याचे नाव देता येईल आणि त्या नावाला रोज शंभर हात लागतील. दुसरे, समाजातील एक अभियंता, एक वायरमन, एक गवंडी आणि दोन-चार युवक-युवती यांचे छोटे मंडळ करावे. त्यांनी मोजपट्टी व वही घेऊन ज्यांच्या घरी बोलावणे येईल तेथे जावे, मापे लिहून द्यावीत. ज्यांची मुले पुणे-मुंबईला किंवा परदेशी आहेत आणि घरात दोघेच वृद्ध राहतात, त्यांच्याकडे आधी जावे. मुलांना पैसे पाठविणे शक्य असते, गवंड्यामागे उभे राहणे शक्य नसते. ज्यांना खर्च झेपणार नाही त्यांचा भार साधर्मिक भक्तीच्या निधीतून उचलावा आणि त्याची वाच्यता होऊ नये. वॉकर, चौपाई खुर्ची, चाकाची खुर्ची वापरण्यास देण्याची सोय ठेवावी; या वस्तू अनेकांना तीन-चार महिनेच लागतात आणि नंतर माळ्यावर धूळ खात पडतात.

कामाच्या वेळेबद्दल शेवटची सूचना. अक्षय तृतीयेला वर्षीतपाची पारणी होतात आणि आषाढात चातुर्मास बसतो. मधले दोन-अडीच महिने या कामास सर्वांत योग्य. पाऊस लागला की सिमेंट व रंग नीट वाळत नाही, जीवोत्पत्ती वाढते आणि चातुर्मासात तप-आराधना चालू असताना घरात तोडफोड नको. फरशीला किमान आठवडाभर पाणी मारून पक्की होऊ द्यावे लागते. त्या काळात वृद्धांची राहण्याची सोय दुसऱ्या मुलाकडे किंवा शेजारी आधीच लावून ठेवावी. मंडळासाठी नावे देऊ इच्छिणाऱ्यांनी आणि घराची पाहणी करून हवी असलेल्या कुटुंबांनी सभा संपल्यावर ट्रस्टच्या कार्यालयातील वहीत नोंद करावी.

जय जिनेंद्र.